जुनं कोठार पाडायचं की उभं ठेवायचं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

शेतावरच्या जुन्या कोठारांबद्दल आणि गोठ्यांबद्दल मागच्या काही महिन्यांत इतकी पत्रं आणि ईमेल आले की यावेळचं सदर पूर्ण याच विषयाला द्यायचं ठरवलं. बऱ्याच जणांचा प्रश्न एकच होता, फक्त शब्द वेगळे, त्यामुळे काही पत्रं एकत्र केलीत. ज्यांनी फोटो पाठवले त्यांचे खास आभार, फोटो असले की उत्तर देणं फार सोपं जातं.

प्रश्न: आमचं शंभरेक वर्षांचं लाकडी कोठार आहे, खाली दगडी जोतं, वर लाकडी सांगाडा. छप्पर दोन ठिकाणी गळतं आणि अख्खी इमारत एका बाजूला कललीये. बघायला आलेले इंजिनियर म्हणाले की हे काही टिकत नाही, पाडा. खरंच काही होण्यासारखं आहे का, आणि सुरुवात कुठून करायची?

कललेलं म्हणजे संपलेलं असं अजिबात नाही. लाकडी सांगाडा वाकतो, झुकतो, आणि तसाच पुढची पन्नास वर्षं उभाही राहतो, कारण त्याचे सांधे खुंट्यांनी बसवलेले असतात आणि त्यांना थोडी हालचाल चालते. पाडा म्हणणाऱ्या माणसाला काँक्रीटची सवय असेल तर त्याला प्रत्येक वाकलेला खांब धोक्याचाच दिसणार, म्हणून दुसरं मत घ्या आणि ते जुन्या लाकडी बांधकामावर प्रत्यक्ष काम केलेल्या माणसाकडूनच घ्या.

सुरुवात मात्र पाण्यापासून. कलणं, वाळवी, भेगा, रंग हे सगळं नंतर. आधी छपरावर चांगली जाड ताडपत्री टाका, पण गच्च गुंडाळून नाही, कडेने वारा खेळला पाहिजे नाहीतर आतला दमटपणा आतच कोंडतो. मग वळचणीचं पाणी कुठे पडतं ते भर पावसात स्वतः उभं राहून बघा, पन्हळ तुंबलीये का, पाणी भिंतीवरून ओघळतंय का, जोत्याशी साचतंय का. जुन्या कोठारांच्या भोवतीची जमीन वर्षानुवर्षं शेण, माती, पालापाचोळा साचून वर येते आणि एक दिवस ती लाकडापर्यंत पोचते, कोणाच्या लक्षातही येत नाही. ती माती खणून काढा, जमीन लाकडाच्या चांगली वीतभर खाली न्या आणि इमारतीपासून बाहेरच्या बाजूला उतार द्या. एवढ्यानेच कित्येक कोठारं वाचतात, आणि हे काम घरचे लोक करू शकतात.

मग एक मोठा स्क्रूड्रायव्हर किंवा टोच्या घ्या आणि खांबांच्या पायथ्याशी बसा. खांब जिथे जोत्यावर टेकतो तिथे टोचून बघा. चांगलं लाकूड टोक आत घेत नाही, फार तर एखादा ओरखडा उठतो. कुजलेल्यात ते लोण्यात गेल्यासारखं जातं आणि बाहेर काढताना चौकोनी चौकोनी तपकिरी तुकडे पडतात. किती खोल गेलं, जमिनीपासून किती उंचीपर्यंत जातंय, चारही बाजूंनी जातंय की फक्त बाहेरच्या, हे प्रत्येक खांबाचं लिहून ठेवा. लाकडी हातोडीने ठोकून पण बघा, पोकळ लाकडाचा आवाज वेगळा येतो आणि तो एकदा ऐकला की कान आपोआप ओळखतो. बहुतेक वेळा असं दिसतं की खालचा हात-दीड हात गेलाय आणि वरचा सगळा खांब खणखणीत आहे. त्या एवढ्याशा भागासाठी अख्खी इमारत पाडायला निघालेले लोक पाहिले की जीव तुटतो.

आता कलण्याबद्दल. आधी कारण शोधा. खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात जे तिरपे आधार असतात ते सगळे जागेवर आहेत का बघा. मधल्या काळात ट्रॅक्टर आत घ्यायचा म्हणून, गवत रचायला अडचण होते म्हणून, लोकांनी हे आधार सरळ करवतीने कापून टाकलेत, कधी तर दोन भिंतींना एकमेकींशी बांधून ठेवणारी आडवी तुळईसुद्धा कापलेली असते. तुळई गेली की छपराचं वजन भिंतींना बाहेर ढकलायला लागतं. कापलेल्याच्या खुणा, रिकाम्या खाचा, खुंट्यांची भोकं दिसतात, त्यावरून काय होतं ते कळतं. तेवढं परत बसवेपर्यंत टेकू द्या, स्टीलची दोरी आणि टर्नबकल (दोरी ताणायचा फिरकीचा स्क्रू) लावून तात्पुरतं बांधून ठेवा. सरळ करायचंच असेल तर जॅक लावून दिवसाला काही मिलिमीटर एवढ्याच वेगाने, आणि अनुभवी माणूस समोर असताना. एका दुपारी ओढून सरळ करायला गेलात तर सांधे फाटतात. आणि पूर्ण ओळंब्यात आणायचा हट्ट नकोच, इमारत आहे तिथे थांबली आणि स्थिर झाली की झालं.

प्रश्न: जोत्याच्या दगडांमधला चुना भुरभुर पडतोय. गवंडी म्हणतो सिमेंटने दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, भरू आणि आतून बाहेरून गिलावा मारू, म्हणजे कायमचं काम होईल. करू का?

नका करू.

सिमेंट वाईट आहे असं नाही, पण या जागी ते चुकीचं आहे. जुन्या दगडी भिंतीत ओल येत-जात असते, जमिनीतून थोडी चढते, पावसाची थोडी मुरते, आणि चुन्याच्या दरजांमधून ती बाहेर वाळून जाते. सिमेंट कडक आणि त्यातून वाफ बाहेर पडायला फार कमी वाव. मग ओल भिंतीतच अडकते, वर चढते, थेट वर टेकलेल्या लाकडी तुळईपर्यंत पोचते आणि तुळई आतून कुजते, बाहेरून गिलावा मात्र छान दिसत असतो. शिवाय भिंत जराशी हलली तर चुना बारीक भेगा पडून ते सोसतो, सिमेंट सोसत नाही, मग दगडच फुटतो किंवा त्याचे पापुद्रे निघतात. दरज ही कायम दगडापेक्षा मऊच असायला हवी, झिजायची तर ती झिजू दे, ती परत भरता येते.

चुन्याचं काम अवघड नाही पण निवांत करावं लागतं. चुनखडी साधारण ९०० अंश सेल्सिअसला भाजली की कळीचा चुना होतो, तो पाण्यात विरवायचा (हे करताना पाणी उकळतं, डोळ्यांना चष्मा आणि हातात मोजे पाहिजेतच, लहान मुलांना लांब ठेवा), आणि मग एक भाग चुना आणि सुमारे तीन भाग चांगली कणीदार वाळू असा मसाला. जुना मसाला हाताने छिन्नीने खरवडून काढा, ग्राइंडर लावू नका, दगडाच्या कडा जातात. दरज आधी पाण्याने ओली करा, मसाला दाबून भरा आणि पुढचे काही दिवस ओलं गोणपाट लावून सावलीत ठेवा. चुना हवेतला कार्बन डायॉक्साईड परत घेऊन हळूहळू दगडासारखा होतो, आणि त्यासाठी त्याला ओलावा लागतो. उन्हात भरभर सुकला तर नुसती भुकटी होते आणि मग लोक म्हणतात चुना टिकत नाही.

गवंड्याला चुन्याची सवय नसेल तर त्याला आधी मागच्या बाजूला हातभर तुकडा करायला सांगा, महिनाभर बघा, मग पुढे जा.

प्रश्न: नाहीतरी निम्मं लाकूड खराब आहे, तर सगळं नवीन घालून हुबेहूब तसंच बांधलं तर काय बिघडलं? मजबूत पण होईल आणि दिसायलाही तेच.

आधी मोजा, निम्मं खरंच खराब आहे का. वर सांगितल्याप्रमाणे प्रत्येक खांब टोचून बघितलात की हा आकडा बहुतेक वेळा बराच खाली येतो.

आणि बिघडतं ते असं. ते लाकूड म्हणजे नुसता आधार नाही, त्यावर सगळं लिहिलेलं आहे. रात्री अंधारात टॉर्च घेऊन जा आणि उजेड लाकडावर एकदम तिरका पाडा, दिवसा जे दिसत नाही ते दिसायला लागेल. वाकसाने तासल्याचे खवल्यांसारखे ओरखडे, सांध्यांच्या शेजारी पटाशीने कोरलेल्या रेघा, एक रेघ, दोन रेघा, फुली. हे सुताराचे नंबर. सांगाडा आधी जमिनीवर जुळवून बघायचे, प्रत्येक जोडीला एकच खूण करायचे, मग सोडवून उभा करताना कुठला तुकडा कुठे ते त्यावरून कळायचं. ज्याने ते बांधलं त्याचं नाव कुठेच नाही, पण त्याचा हात तिथे आहे. नवं लाकूड घातलं की हे सगळं गेलं आणि ते परत मिळवायचा कुठलाच मार्ग नाही.

म्हणून दुरुस्तीची पद्धत अशी की कुजलेला भाग तेवढाच कापायचा, चांगल्या लाकडापर्यंत जायचं आणि तिथे त्याच जातीच्या, शक्यतो तितक्याच सुकलेल्या लाकडाचा नवा तुकडा तिरप्या लांब सांध्याने जोडायचा. सांधा सहसा लाकडाच्या जाडीच्या निदान तीन पट लांब ठेवतात म्हणजे वजन नीट उतरतं. लाकडाचे तंतू एकाच दिशेने आले पाहिजेत. नव्या तुकड्याला जुनं दिसावं म्हणून काळा रंग फासू नका, उलट आतल्या न दिसणाऱ्या बाजूला दुरुस्तीचं वर्ष कोरून ठेवा, पुढच्या दुरुस्तीवाल्याला कळू दे काय कधी केलं.

हा विचार आजचा नाहीये. १८७७ मध्ये कवी आणि कलाकार विल्यम मॉरिस आणि त्यांच्या मित्रांनी इंग्लंडमध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली तीच मुळी जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुनं खरवडून नवं करण्याच्या विरोधात, आणि त्यांचं म्हणणं होतं की रोजची निगा ठेवून ऱ्हास थांबवा. लंडनच्या पश्चिमेला हार्मंड्सवर्थला एक ओक लाकडाचं प्रचंड कोठार आहे, १४२६ च्या आसपास बांधलेलं, जवळजवळ ५८ मीटर लांब. मध्ये काही वर्षं ते अगदी दुर्लक्षित पडलं होतं, २०१२ मध्ये इंग्लिश हेरिटेज या जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या संस्थेने ते ताब्यात घेतलं आणि नंतर दुरुस्त केलं. त्यातलं सुमारे ९५ टक्के लाकूड आजही मूळचंच आहे. सहाशे वर्षांचं लाकूड उभं राहतं, आपल्या शंभर वर्षांच्या लाकडाला आपण इतक्या लवकर का हात झटकायचे?

प्रश्न: कोठार नक्की किती जुनं आहे हे कसं ओळखायचं? घरात कोणाला माहीत नाही आणि कागदही नाहीत.

खिळे आणि करवतीच्या खुणा बघा. हाताने ओढलेल्या करवतीच्या खुणा सरळ पण कमी-जास्त अंतरावर असतात, गोल पात्याच्या मशीनच्या खुणा कमानीसारख्या वळलेल्या असतात आणि त्या एकोणिसाव्या शतकाच्या आधीच्या सहसा नसतातच. लोहाराने घडवलेला खिळा चौकोनी आणि ओबडधोबड, तारेचा गोल खिळा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सर्रास झाला. पण एका खिळ्यावरून निकाल देऊ नका, दुरुस्ती नंतरची असू शकते, लाकूडही दुसऱ्या इमारतीतलं आणून वापरलेलं असू शकतं. काही उपयोग नसलेल्या रिकाम्या खाचा दिसल्या की समजा हे लाकूड आधी कुठेतरी नांदून आलंय.

नेमकं वर्ष हवं असेल तर झाडाच्या वलयांवरून काढतात, पेन्सिलीएवढा बारीक नमुना गिरमिटाने काढून. लाकडावर सालीखालचं शेवटचं वलय शाबूत असेल तर झाड कुठल्या वर्षी तोडलं तेही कळतं. इंग्लंडमधल्या ग्रेट कॉक्सवेलच्या दगडी कोठाराचं लाकूड तेराव्या शतकाच्या शेवटचं हे असंच समजलं. मात्र त्या भागातल्या त्या जातीच्या झाडांची वलयांची नोंद आधीपासून तयार असावी लागते, सगळीकडे आणि सगळ्या झाडांना हे जमत नाही.

आणि म्हाताऱ्या माणसांशी बोला, आधी बोला, लाकूड थांबेल.

प्रश्न: लाकूड काळं पडलंय, सँडब्लास्टिंग करून वर पॉलिश मारलं तर?

नको. वाळूचा मारा लाकडातला मऊ भाग खाऊन टाकतो, कडक रेघा वर राहतात, सुताराच्या खुणा पुसल्या जातात आणि खरबरीत झालेल्या पृष्ठभागात पाणी जास्त मुरतं. मऊ ब्रश, कोरडं कापड, फार तर ओलसर कापड. चकचकीत प्लॅस्टिकसारखा थर तर नकोच, खाली ओल अडकते.

प्रश्न: खांबांना बारीक भोकं आहेत आणि खाली पिठासारखा भुसा पडतो. एका कंपनीने सगळ्या लाकडाला केमिकल मारायचं सांगितलंय. करावं का?

भोकं आहेत म्हणजे कीड आजही जिवंत आहे असं नाही, ती कदाचित पन्नास वर्षांपूर्वीच निघून गेली असेल. खालचं सगळं झाडून घ्या, भोकांवर पातळ कागद चिकटवा आणि एक मोसम वाट बघा. कागदाला नवीन भोक पडलं किंवा ताजा फिकट भुसा पडला तर कीड चालू आहे. भुंगेऱ्यांच्या अळ्या बहुतेक बाहेरचं कच्चं लाकूड खातात, गाभा सहसा वाचतो, त्यामुळे दिसायला भयानक असलं तरी आत भरपूर दम असतो, टोचून खात्री करा.

वाळवीचं वेगळं आहे, ती मातीच्या नळ्या करून जमिनीतून वर येते, त्यामुळे नळ्या मोडणं, जमिनीचा आणि लाकडाचा संबंध तोडणं आणि जोत्याभोवती उपचार हे लवकर करायला लागतं. यात उशीर नको.

पण कुठलंही केमिकल ओल काढत नाही, आणि ओल राहिली की कीड परत येते. ओलावा मोजायचं छोटं मीटर मिळतं, त्यात लाकूड २० टक्क्यांच्या खाली आलं की कुजवणारी बुरशी वाढत नाही, किडीचंही बरंच मन उडतं. तिथवर आणा, मग जिथे गरज उरली तिथे बोरेटसारखं औषध लावा. सगळ्या इमारतीवर सरसकट फवारा म्हणजे पैसे जातात आणि आत राहणारे पक्षी, वटवाघळं यांनाही त्रास.

प्रश्न: आत गव्हाणी घुबडाची जोडी राहते. काम करताना त्यांना हाकलायचं का?

हाकलू नका, कामाचं वेळापत्रक त्यांच्याभोवती लावा. पिल्लं असताना त्या टोकाला काम करू नका, दुसऱ्या टोकापासून सुरुवात करा, आणि त्यांचं येण्याजाण्याचं भोक दुरुस्तीत बुजवू नका. जुन्या कोठारांच्या त्रिकोणी भिंतीत वर एक भोक मुद्दाम ठेवलेलं असायचं, घुबड आलं की उंदीर कमी. काही देशांत घुबडाचं घरटं किंवा वटवाघळांची जागा हलवणं हा गुन्हा आहे, ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्याने, तेव्हा आपल्या इथला नियम आधी विचारून घ्या.

प्रश्न: भाऊ म्हणतो, आता मळणी यंत्राने होते, धान्य गोदामात जातं, मग रिकाम्या कोठारावर खर्च कशाला? त्याला काय सांगू?

त्यांचा मुद्दा खरा आहे आणि त्याला भावनेने उत्तर देऊन चालणार नाही. वापरात नसलेली इमारत मरतेच, कारण गळती लागली तरी ती बघायला कोणी आत जात नाही. म्हणून वापर शोधा, आणि तो इमारतीला झेपेल असा शोधा. अवजारं, सुतारकामाची जागा, बी-बियाणं, गावाची अभ्यासिका, आठवड्याचा बाजार, कार्यक्रम. यातलं काहीही चालतं कारण यांना मोठी मोकळी जागा लागते आणि कोठाराकडे तीच आहे.

भावाला एकदा आत घेऊन जा आणि समोरासमोरचे दोन मोठे दरवाजे उघडून मध्ये उभं करा. अंगावर वारा येईल. मळणी त्या दोन दरवाजांच्या मधल्या खळ्यावर व्हायची आणि उपणताना भुसा त्याच वाऱ्याने उडून जायचा, म्हणूनच दरवाजे तिथे आहेत. भिंतीतल्या उभ्या फटी धान्याला हवा लागावी म्हणून आहेत. त्या इमारतीत एक गोष्ट उगाच नाही. असं कोठार राहतं घर करायला निघालं की खिडक्यांसाठी भिंती फोडतात, माळे घालतात, मोठे दरवाजे काचेने बंद करतात, आणि शेवटी कोठाराचा फक्त आकार उरतो. खोली हवीच असेल तर आत वेगळी, स्वतःच्या पायांवर उभी असलेली खोली करा जी उद्या काढून नेता येईल आणि जुन्या लाकडाला एकही खिळा लागणार नाही.

वायरिंग मात्र नीट, पाईपमधूनच. उंदीर उघडी वायर कुरतडतात आणि आत वाळलेलं लाकूड असतं. ओलसर गवत आत रचू नका, ते आतल्या आत तापून आपोआप पेट घेतं, अशाने कोठारं जळालीत.

प्रश्न: रस्ता रुंद होतोय, कोठार मधे येतंय. उचलून दुसरीकडे नेता येतं का?

येतं, पण सगळे मार्ग संपल्यावर. आधी रस्त्याची आखणी बदलते का यासाठी लेखी भांडा. जागा सोडली की ते कोणत्या शेताचं, कोणत्या वाऱ्याच्या तोंडाला, कोणत्या उतारावर बांधलं होतं हे सगळं सुटतं.

न्यायचंच असेल तर प्रत्येक लाकडाला धातूची नंबरपट्टी, सगळ्या बाजूंची मोजून काढलेली ड्रॉइंग, प्रत्येक सांध्याचा फोटो, हे झाल्याशिवाय एक खुंटी काढायची नाही. स्वीडनमध्ये स्टॉकहोमला १८९१ मध्ये आर्तुर हाझेलियस यांनी स्कान्सेन हे उघड्यावरचं संग्रहालय सुरू केलं, तिथे देशभरातून शेतघरं आणि कोठारं अशीच सोडवून नेऊन उभी केलीत. खुंट्यांवर जोडलेलं असल्यामुळेच हे शक्य होतं.

प्रश्न: सध्या पैसे नाहीत. अजून काही वर्षं मोठं काम जमणार नाही. तोपर्यंत काय करू?

खूप काही, आणि बहुतेक फुकट. छपरावरचं सरकलेलं कौल किंवा उचकटलेला पत्रा लगेच बसवा, एका कौलाची गळती दोन पावसाळ्यांत खालची तुळई खाते. पन्हळी वर्षातून दोनदा साफ करा. भिंतीला चिकटलेले वेल आणि दरजांतून आलेली पिंपळ-वडासारखी झाडं लहान असतानाच काढा, मुळं मोठी झाली असतील तर ओढू नका, बुंध्याशी कापून मरू द्या, नाहीतर दगड घेऊन बाहेर येतात. दारं-फटी बंद करून इमारत कोंडू नका. भेगेवर दोन्ही बाजूंना पेन्सिलने खूण करून मधलं अंतर तारखेसह लिहा, सहा महिन्यांनी परत मोजा, अंतर तेवढंच असेल तर ती भेग जुनी आणि थांबलेली आहे, वाढत असेल तर टेकूचा खर्च मात्र पुढे ढकलू नका.

दरवर्षी त्याच जागी उभं राहून तेच फोटो काढा. आणि जे पडतं ते जाळू नका, मोडलेली खुंटी असो, बिजागरी असो, दाराची फळी असो. कुठून पडलं ते त्यावर लिहा आणि आत कोरड्या कोपऱ्यात ठेवा. पैसे येतील तेव्हा सुताराला सगळ्यात आधी तोच नमुना लागेल.